मे महिन्यातला चिखल

जोतिरामदादास,

तुझा अहवाल खडी क्रशरच्या मालकानं चौकटीत घालून हापिसात लावलाय. तक्रार घेऊन कुणी गेलं की दावतो, "तुमच्याच गावच्या पोरानं लिवलंय, हवा चांगली हाय."

तू पुण्यासनं हवा मोजायचं यंत्र आणून आपल्या अंगणात मांडलंस. लेक आलाय म्हणून आई रोज पहाटे अंगणात, गल्लीत, पार क्रशरच्या रस्त्यापतुर सडा घालायची. धूळ उडालीच न्हाय, तर यंत्राला काय घावणार? बुटाला चिखल लागतो म्हणून तू कुरकुरलास की. पण ऐन मे महिन्यात चिखल कुठनं आला, हे एवढ्या शिकलेल्या माणसाला इचारावं वाटलं न्हाय.

आता आई दोन पावलं चालली की धापा टाकती. सोलापूरचा डॉक्टर म्हणाला, छातीत दगडाची धूळ बसलीय. तिला पटत न्हाय. "माझा लेक खोटं लिवंल व्हय?" म्हणती.

हे पत्र मी धाडणार न्हाय. वाचून तू येशील. काल नुसतं तुझं नाव काढलं, तर आई खोकत उठली आन् सड्याला बादली मागाय लागली.

तुझे बूट धुणारी,
पूनम