पाहुण्याची खुर्ची

मेघांचे आसन करून ऑलिंपसवर विराजमान असलेला, अतिथींचा कैवारी पिता झ्यूस तुझ्यावर आणि तुझ्या परागंदा लेकरांवर छाया धरो. त्याचे नाव घेतल्यावाचून मी आजवर काही लिहिले नाही. आज ते घेताना मात्र हात अडखळतो.

प्रिय झोइलोस,

विहिरीजवळच्या अंजिराला यंदा फार फळ आले. अथेन्समध्ये बसून तू विचारशील, मॅसिडोनियात दिऑन गावच्या झ्यूस-मंदिरातल्या पुजाऱ्याला तुझ्या ऑलिंथोसच्या शिवारातले अंजीर कसे दिसले? ते झाड आता माझे आहे. विहीर, जैतुनांची बाग, ज्या ओसरीवर आपण तरुणपणी अकिलीसची गाणी म्हणत बसायचो ती ओसरीसुद्धा. आमच्या राजाने तुझे नगर जमीनदोस्त केल्यावर जमिनी वाटल्या गेल्या. देवाचा सेवक म्हणून माझ्या वाट्याला तुझी आली. मी नको म्हटले असते तर दुसऱ्या कुणी घेतली असती, असे मी मनाला समजावले. मन समजले नाही; जमीन मात्र मी घेतली.

आमच्या मॅसिडोनियातला रिवाज तुला ठाऊकच आहे: जाळे न लावता, नुसत्या भाल्याने रानडुक्कर मारल्यावाचून पुरुषाला मेजवानीत बैठकीवर पहुडून जेवण्याचा मान नाही, त्याने पोरासारखे खुर्चीवर बसावे. स्तोत्रांत वाढलेला मी भाला कधी फेकणार? माझा धाकटा भाऊ पहुडल्या जागेवरून माझ्याकडे हाडूक फेकायचा, ‘घ्या दादा, हे डुक्कर मेलेलंच आहे, भिऊ नका!’ आणि सारी पंगत हसायची. तुझ्या घरच्या पहिल्याच मेजवानीत तू मला ओढून तुझ्या शेजारी बैठकीवर घेतलेस. तुझे सोबती कुजबुजले, ‘उत्तरेकडचा मेंढपाळ हा, अर्धा रानटी!’ तू म्हणालास, ‘जो आपल्याच झ्यूसला हाक मारतो, आपल्यासारखाच पितरांना मध वाहतो, तो रानटी कसा रे? सरका जरा, उशी द्या त्याला.’ त्या दिवशी मी आमच्या राजकुळाची अर्गोस या जुन्या ग्रीक नगरापासूनची वंशावळ मोठ्या अभिमानाने म्हणून दाखवली होती. पण ग्रीकांच्या पंगतीत मला जागा मिळाली ती त्या वंशावळीने नव्हे, तुझ्या उशीने.

नगर पडल्यावर दिऑनला विजयोत्सव झाला. मी वेदीपुढे स्तोत्र आरंभले, तेव्हा साखळदंडातल्या तुझ्या गावकऱ्यांचे ओठही हलू लागले. शब्द त्यांनाही पाठ होते. ग्रीकांशी असलेल्या ज्या नात्याचा पुरावा मी जन्मभर शोधला, तो असा समोर उभा राहिला; आणि मी स्तोत्र थांबवले नाही.

आता तेही सांगतो, जे आधीच सांगायला हवे होते. तुझी आई जिवंत आहे. म्हातारीला कोण विकत घेणार, म्हणून सैनिकांनी तिला शेतावरच्या घरातच सोडले. मी ताबा घ्यायला गेलो, तर थेआनो माय पाय धुवायला पाणी घेऊन दारात आली. ‘ये रे मेनिदास! झोइलोस बाहेर गेलाय, येईल हो.’ तिला सगळे ठाऊक आहे. तरीही तेव्हापासून मी तिच्या लेखी पाहुणाच. ताट प्रेमाने वाढते; पण मी बैठकीकडे वळलो की काठी आपटते: ‘अंहं! ती झोइलोसची. तो बोलवायचा म्हणून तू पहुडायचास. आता राज्य तुमचं, तर रिवाजही तुमचाच. मारलंस का डुक्कर? नाही ना? मग बस खुर्चीवर, आणि गुपचूप मसुरीचं कालवण खा.’ मी बसतो. पंगतीतले ते हसणे सोसवत होते. तिचे हे वाढणे सोसवत नाही.

द्राक्षांची तोड झाल्यापासून तिने अंथरूण धरले आहे. मी म्हणालो, माय, वेळ आली तर तुझे डोळे मी मिटेन, समाधीवर दूध-मध मी वाहीन. ती क्षीण हसली. ‘पाहुण्यानं जेवावं, आराम करावा. लेकाचं काम लेकानं करायचं असतं. त्याला बोलाव.’ म्हणून हे पत्र, झोइलोस. दिऑनच्या उत्सवाच्या पवित्र शांतिकाळात यात्रेकरूला राजाचा शिपाईही अडवू शकत नाही. सोबत मंदिराची लोकरी फीत पाठवली आहे; ती कपाळाला बांध आणि यात्रेकरू होऊन ये. क्षमा मागत नाही. ती तुझ्याच घरातल्या खुर्चीवर बसून मागता येणार नाही. तू आलास की मी उंबऱ्याबाहेर उभा राहीन. मला आत बोलवायचे की नाही, ते घरधन्याने ठरवावे. फक्त उशीर करू नकोस. पायरव ऐकला की माय अजून दाराकडे मान वळवते, आणि दरवेळी मीच आत येतो.

तुझाच,
मेनिदास

वाटेत जो कोणी हे पत्र उघडून वाचील, मग तो नाक्यावरचा शिपाई का असेना, त्याचे कल्याण होवो. त्याच्या आईला उदंड आयुष्य लाभो. आणि तिचे डोळे त्याच्याच हातांनी मिटोत.