लाल फडकं

सोलापूर, जून १९३२, शुक्रवार संध्याकाळ

अण्णा आज कॉलेजसाठी मुंबईच म्हणाले. महिन्यापूर्वी याच माणसाला पुणंसुद्धा लांब वाटत होतं. मॅट्रिक झालास, आता मागावर बस, म्हणत होते. आज मीच पुणं म्हणालो तर नको म्हणाले.

"पुण्याहून दर सणाला पळत येशील की. मुंबईला जा. दिवाळीलाबी येऊ नको."

दिवाळीलाही का नको? तेवढं बोलून त्यांना खोकला आला आणि त्यांनी तोंडाला लाल फडकं लावलं. वडिलांच्या खांद्यावर मी जन्मभर पांढरा पंचा पाहिला. हे लाल कधीपासून? आई म्हणते, सुताचा रंग लागतो म्हणून. पण रंगाचं काम अण्णा करतच नाहीत, ते नुसते विणतात. अंथरूणही त्यांनी ओसरीवर नेलंय. उकडतं म्हणे.

मुंबईचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. लाल फडक्यावर रक्त दिसत नाही, एवढंच डोक्यात फिरतंय.

मघाशी धाकटी शांता तेच फडकं घेऊन धुण्याच्या दगडाकडं निघाली होती. मी ते तिच्या हातातून ओढून घेतलं, तर हसली.

"दे की दादा. रोज मीच धुते."