हलगी खाली उभं राहून वाजणार नाही
१७ एप्रिल १९९४, रविवार

यात्रा कमिटीचे आबा सकाळी दारात येऊन म्हणाले, "सांजच्याला इस्लामपूरचं पाव्हणं येतील, तवा तुमी हलगीवाल्यांनी स्टेजखाली उभं राहून वाजवा."

"वाजवतो आबा, पण स्टेजवर."

"तुमची माणसं कायम खालीच उभी राहिली की रं!"

ते 'खालीच' अजून डोक्यातून जात नाही. मी म्हटलं, "मग न्हाई वाजवत." आबा तणतणत गेले.

वडील आत बसून ऐकत होते. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा त्यांनी स्वतःची हलगी ओढ्यात फेकली होती, गावाच्या हुकमानं वाजवणं बंद म्हणून. मी हलगी हातात घेतली तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाहीत. त्यांचं चुकलं का? नाही. पण माझंही चुकत नाही. हलगी आमची आहे, ती 'खालची' जागा आमची नाही.

संध्याकाळी आम्ही चौघांनी आमच्याच वस्तीत, विहारासमोरच्या चौथऱ्यावर वाजवायला सुरुवात केली. वस्ती तर जमलीच, यात्रेतली माणसंही येऊन उभी राहिली. आबा आले नाहीत. नाही तर नाही!

मधेच कातडं सैल पडून आवाज बसला. मी थांबलो, तर विहाराच्या पायरीवर येऊन बसलेले वडील उठले. उसाचं पाचट पेटवलं, माझ्याकडून हलगी घेऊन जाळावर शेकली, बोटानं ठोकून बघितली. मला वाटलं, आता परत देतील. त्यांनी ती स्वतःच्याच गळ्यात अडकवली आणि वाजवायला लागले.