खुराकातले शिंपले

४ जाने., शिराळा
खाडीवरून रिकाम्या हाताने परतले. पावसाळ्याआधी जिथे चिखलातले शिंपल्यांचे थर बघून ठेवले होते तिथे आता नुसता खड्डा, त्यात पाणी. होडीवाला म्हणाला, सगळं उपसून नेलं, चुऱ्यासाठी. पिढ्यान्‌पिढ्या एकावर एक निवांत पडलेले जीव. कधीतरी दगड झाले असते, आता होणार नाहीत. माझा प्रबंध त्यांच्यावरच. मार्गदर्शक बाईंना फोन करायचा धीर होत नाही.
आईने अंड्याची पोळी वाढली. फार बरं वाटलं.

५ जाने.
बाईंना सांगितलं. "दुसरीकडे थर शिल्लक असेल तर बघ, नाहीतर विषय बदल." इतक्या वर्षांनी विषय बदल!
संध्याकाळी आईबरोबर कोंबड्यांच्या शेडवर. खाद्यात मिसळायचं पोतं फोडलं आणि मट्‌कन खाली बसले. शिंपले. काही चुरा, काही अख्खे. माझ्याच प्रबंधातल्या जातीचे. खाडी तीच की दुसरी, देव जाणे.
"आगं, ह्यो घातल्याबिगर कवच पातळ पडतंय. लय अंडी फुटत्यात."
कधीपासून घालतेस?
"तू शाळंत व्हतीस तवापास्नं."
म्हणजे माझी फी, हॉस्टेल, सगळं अंड्यांवर, आणि अंडी ह्यांच्यावर. चिडायचं कुणावर? कोंबड्यांवर चिडून घेतलं थोडं.

७ जाने.
पोती चाळतेय. उपयोग शून्य. गोधडी उसवून चिंध्यांचा ढीग केल्यावर कुठली चिंधी वर होती, कुठली खाली, कोण सांगणार?
दुपारी दोन्ही शिंपा मिटलेला एक जोड सापडला. आत मूळचा चिखल घट्ट बसलेला, म्हणजे तो कुठला याचा पुरावाच. हा जिवंतपणीच गाडला गेला असणार. मी नाचायच्या बेतात, तर आई म्हणते, "आसलं तर शेडमागं ढीगभर हायती. कोंबडीच्या नरड्यात माती कशापायी घालू? मी टाकूनच देती."
खरंच ढीग आहे. तिथेच रडले. आई घाबरली. तिला काय सांगू, की माती नको म्हणून तिने फेकलं आणि माझ्यासाठी तेवढंच उरलं.

१० जाने.
बाईंना फोटो पाठवले. एकेका जोडाचं वय काढलं तर क्रम पुन्हा लावता येईल? बाई: "येईलही. आधी ते त्याच खाडीचे आहेत हे दाखव." शिंपल्यांची पोती विकणाऱ्याला विचारलं, त्याला ठाऊक नाही. खाडीत तिवरांच्या मुळाशी एक चिंचोळी पट्टी अजून शाबूत आहे, होडीवाला फोनवर म्हणाला. तिथला चिखल आणि ह्या शिंपल्यांतला, दोन्ही ताडून बघायचे. ती पट्टीही उपसली जाण्याआधी.

११ जाने.
जेवताना आई: "मी चुरा बंद करू व्हय? तुजं काम मोडत आसंल तर करती." अंडी फुटतील हे तिच्याइतकं कुणाला माहीत नाही. तरी विचारलं. म्हटलं, आधी माझ्याबरोबर खाडी बघायला चल. पाया पडावंसं वाटलं, पण ती हसली असती.
उद्या पहाटेच्या गाडीने दोघी खाडीवर. तिने अजून समुद्र पाहिलेला नाही. वाटेसाठी अंडी उकडून ठेवलीत. एकाचंही कवच तडकलेलं नाही.