कॅमेऱ्याला वायर जोडू नका

जावईबापू कुमाररावांना डाळिंबाच्या बागेत बसून सासऱ्याचा, गुंडा मेटकऱ्याचा रामराम. तुमी आन आमची ऋतुजा खुशाल आसालच. हिकडं मी, तुमची सासू गोजाबाई, सतरा शेळ्या आन मेंढा मजेत हाय. तुमच्या अंगठ्याची सूज उतरली का? (पक्कड निसटली तवा तुमी गिळलेली शिवी आमी ऐकली न्हाय.) पत्र लिवायचं कारण, फोनवर बोलाय गेलं की गोजाबाई कान लावून उभी ऱ्हाती, आन अंगणात बोलावं तर तुमच्या कॅमेऱ्यालाबी कान हायेत.

परवा तुमी म्हणला, येत्या रविवारी जमिनीखालनं पायपात वायर घालतो, घरात इन्व्हर्टर बसवतो, म्हंजी कॅमेऱ्यापायी परत कुर्डुवाडीवरनं हेलपाटा मारायला नको. जावईबापू, हात जोडतो, तेवढं करू नका.

वायरीचं काय झालं, इसरला का? पयल्यांदा तुमी घरातल्या बोर्डावरनं वायर वढली, ती काळ्या शेळीनं पाचव्या दिवशी खाल्ली. (लाईट गेलेली हुती म्हणून वाचली. सांजला दूधबी तेवढंच दिलं.) मग मी शानपणा करून मोटरीच्या लायनीवर जोडला. ती लाईन एक आठवडा दिवसा, एक आठवडा रातची. म्हंजी चोरानं निस्तं वेळापत्रक बघून यायचं! तिसऱ्यांदा तुमी बॅटरीवाला आणला. दर पंधरा दिवसांनी शिडी लावून बॅटरी काढायची, देवळीत चार्जिंगला लावायची, आन ती भरंपतुर खांबाखाली काठी घिऊन मीच बसायचं. आता कॅमेरा आमची राखण करतुया का मी कॅमेऱ्याची, कोण सांगणार?

मग तुमी शेळ्यांच्या पत्र्यावर सोलरची प्लेट बसवली. लई झ्याक काम! सांगोल्यात पाण्याची बोंब, पर उन्हाला तोटा न्हाय. प्लेट ऊन खाती, बॅटरी भरती, ऊन न्हाय मिळालं तरी चार दिवस चालती, हे तुमीच शिकवलं. तरीबी दर शनिवारी कॅमेरा बंद, आन रविवारी तुमी टेस्टर घिऊन हजर. रेल्वेचं डबं नीट करणाऱ्याला एवढीशी प्लेट आवरंना, हे तुमच्या जिव्हारी लागतंय, मला दिसतंय की. पर खोट तुमच्या हातात न्हाय. गोजाबाईच्या हातात हाय.

नव्या वस्तूला भंडारा लावायची आपली रीत. गोजाबाई दर मंगळवारी प्लेटला भंडारा लावती. चिमूटभर न्हवं, तेलात कालवून मूठभर! पिवळी धम्मक प्लेट ऊन काय खाणार, कपाळ? (शनिवारी सांजला राखेनं घासून लख करती, जावयाला घाण दिसू नये म्हणून.) तवा वायरीची गरज न्हाय. मी तिला समजावतो, इषय मिटला.

तुमचा,
गुंडा मेटकरी

ता. क. समजावलं. म्हणली, "कॅमेरा चालू आसला की लेक म्हणती, आई, तू मोबाइलात दिसतीस की. आवो, तिला आपण दिसतो, ती आपल्याला कुटं दिसती? बंद पडला की नवऱ्यामागं गाडीवर बसून येती." माझंच डोळं भरून आलं, खोटं कशाला बोलू.

ता. क. २. ऋतुजाला ह्यातलं काय सांगू नका. तुमच्या हुशारीला थोडा बट्टा लागंल, तेवढा सोसा. त्याच्या बदल्यात कोंबडा राखून ठेवलाय.

ता. क. ३. आज मंगळवार. भंडाऱ्याची डबी रिकामी निघाली, बिचारी तोंड पाडून बसली. तिची पाठ वळल्यावर मी माझं घोंगडं प्लेटवर वाळत टाकलंया. शनिवारपतुर काय वाळत न्हाय ते. रविवारी या. टेस्टर इसरला तरी चालंल, ऋतुजाला इसरू नका.