सरांना रांग कशाला?

प्रिय सुहास,

आज तुझ्या विद्यार्थ्यांची निमंत्रणपत्रिका आली. लातुरातल्या तुझ्या क्लासच्या हॉलला तुझं नाव देणार आहेत. वर तुझा हसरा फोटो, खाली नुसते डॉक्टर, डॉक्टर, डॉक्टर! डोकं इतकं भडकलं की तुलाच लिहायला बसले. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगायच्या, मुलींनी आवाज चढवू नये. ठीक आहे, कागदावर चढवते.

भूकंपात तू गावोगाव दगडमाती उपसायला गेलास आणि खोकला घेऊन आलास. मग काय, सगळ्यांना आयतं कारण मिळालं! ‘सरांच्या छातीत भूकंपाची धूळ बसलीय.’ पुढे खडूची धूळ. अरे, धुळीनं कान वाहतात? धुळीनं महिना-महिना जुलाब होतात?

जंतूंशी लढणाऱ्या प्रतिपिंडांचं चित्र तू फळ्यावर डोळे मिटून काढायचास. तुझ्या रक्तात तीच जवळजवळ नव्हती! मोठ्या वयातही असं होतं, हे हैदराबादच्या अनोळखी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. “पहिल्यापासून सांगा,” एवढंच म्हणाल्या आणि एक रक्ततपासणी लिहून दिली. पण तोवर वारंवारच्या न्यूमोनियानं तुझ्या फुप्फुसांची चाळण झाली होती, आणि तू गेलासच.

आणि तुझ्या क्लासातून डॉक्टर झालेली तुझी पोरं? “सर, तुम्ही कशाला नंबर लावायलात? फोन करायचा की!” दारातच नाडी बघणार, खिशात गोळ्या कोंबणार, पाया पडणार. केसपेपर नाही, मागचं विचारणं नाही. याच्याकडून कानाचं औषध, त्याच्याकडून छातीचं. चार दिवस बरं, की पुन्हा तेच. सगळं एकत्र मांडून पाहिलं कुणी?

तू तरी कमी होतास का! “अक्का, माझी पोरं हायत की,” म्हणून मिरवायचास. वर्गात प्रश्न न विचारणाऱ्याला उभं करायचास ना रे? मग यांना का नाही केलंस?

आता तुझी मुग्धा खोकतेय. कानही वाहतोय. शुभा, तिची आई असून, म्हणते, “बापाची छाती घेतलीय पोरीनं.” आणि तुझा तो लाडका डॉक्टर? “अक्का, तिला मागच्या दारानं आणा.”

नाही आणणार! सोमवारी तिला पुढच्या दारानं नेईन, केसपेपर काढून रांगेत बसवीन. आमचा नंबर आला की त्याला पाया पडू देणार नाही. पहिल्यापासून विचार, म्हणेन, आणि प्रतिपिंडांची तपासणी लिही. तो लिहीपर्यंत खुर्चीवरून हलणार नाही, हा माझा तुला शब्द.

हॉलचं मग बघू.

तुझी,
अक्का