बाबल्याची सही नको

मी, आनंदीबाई गंगाराम शिवलकर, वय एकोणसत्तर, धंदा मालवाहतूक, राहणार मिरजोळे, तालुका व जिल्हा रत्नागिरी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या अकलेने लिहून ठेवत आहे. कोणी भरीस घातलेले नाही, कोणाचा धाक नाही. डोके शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. आवाजही शाबूत आहे; त्याला दाखला नको, सगळी एमआयडीसी सांगेल. यापूर्वी केलेला कच्चा मसुदा रद्द समजावा. तो का रद्द केला ते कलम चारमध्ये येईल.

कलम १. मिरजोळे येथील राहते घर, परसातील हापूसची दोन कलमे, माझे दागिने आणि बँकेत असेल ते सर्व माझी एकुलती मुलगी सानिका हिला मिळावे. ती डोंबिवलीला असते. तिने घर विकले तरी माझी हरकत नाही. फक्त मे महिन्यात विकू नये, झाडावर आंबा असतो आणि घेणारा तो फुकटात धरतो.

कलम २. धंद्याविषयी. माझे यजमान गेले तेव्हा लोक म्हणाले, टेम्पो विकून टाका, हे बाईमाणसाचे काम नव्हे. मी विकला नाही, उलट जोडीला छोटा हत्ती म्हणतात तो लहान टेम्पो घेतला. जांभ्याचे चिरे, आंब्याच्या पेट्या, लोकांची बिऱ्हाडे, सगळे वाहिले. गाडी हाकायला मला येत नाही. माणसे हाकली, तीही आरडाओरडा करूनच.

कलम ३. या धंद्यात ज्यांनी माझे रक्त आटवले त्यांची नोंद राहावी. केरू हमाल एकटा फ्रीज उचलतो, पण केरूला अंथरुणातून उचलायला दोन माणसे लागतात. शिमगा आला की सगळे पालखी नाचवायला गावी पळतात आणि इकडे बागायतदार आंब्याच्या पेट्या भरून माझ्या नावाने शिमगा करतो.

आणि या सगळ्यांचा मेरुमणी म्हणजे माझा ड्रायव्हर विनोद महिपत गोताड, पालीकडचा, ज्याला सगळे बाबल्या म्हणतात. फोन केला की "आलोच, काकी" म्हणतो आणि मागे त्याच्या घरचा कोंबडा ओरडत असतो. त्याने आजवर जेवढी पंक्चर सांगितली तेवढी काढत बसला असता तर रामा पंक्चरवाल्याने माडी बांधली असती. एकदा गुहागरच्या लग्नाचे रुखवत घेऊन निघाला. जयगडच्या जेटीवर कोणाचे तरी इंजिन बंद पडले होते, हा त्यात डोके घालून बसला आणि फेरीबोट डोळ्यांदेखत निघून गेली. रुखवत मांडायला पोचला तेव्हा पंगती उठल्या होत्या. नवरीची आई माझ्याशी अजून बोलत नाही. रागावले तर हा मान खाली घालून ऐकतो आणि शेवटी विचारतो, "चाय टाकू काय?" अशा माणसाचे काय करायचे सांगा.

कलम ४. हे कलम लिहायला मला जड जाते आहे.

माझ्या वकील वेदिका भाटकर यांनी सांगितले होते की साक्षीदार असा घ्या, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. मिळणाऱ्यानेच सही केली की पुढे भानगड होते. मी पटकन म्हणाले, मग बाबल्याला बोलवू, त्याला कुठे काय द्यायचे आहे. इतक्या सहज तोंडातून गेले. वेदिकाने लिहून घेतले आणि मी बाबल्याला बुधवारी सकाळी सहीला यायला सांगितले.

दोन दिवसांनी रामा हसत हसत सांगत आला. बाबल्या टपरीवर, गॅरेजात, जिथे तिथे सांगत सुटला होता, "काकीनं मला साक्षीदार केलंन." रामाच्या दुकानात बसून सिमेंटच्या रिकाम्या पिशवीवर सही गिरवत होता. संध्याकाळी मला फोन करून विचारले, पेन निळे आणू की काळे. ज्याला काही द्यायचे नाही म्हणून मी निवडला, तो हा आपला मान समजून बसला होता. मला फार लाज वाटली. त्या रात्री बांगडा ताटात तसाच राहिला.

म्हणून मी मसुदा बदलला. टेम्पो, छोटा हत्ती, धंद्याचे नाव आणि धंद्याचा मोबाइल हे सर्व विनोद महिपत गोताड यास मिळावे. केरूही त्याच्याच गळ्यात. आता त्याने केरूला फोन करावेत आणि "आलोच" ऐकावे, म्हणजे कळेल. दयेपोटी देत नाही. वरचे कलम लिहिताना लक्षात आले की इतके भरभरून लिहिता येईल असा दुसरा माणूस मला नाही. सानिकाला हल्ली काय आवडते हे मला तिलाच विचारावे लागते. सानिका, तू हे वाचशील तेव्हा रागावशील, तुझा हक्कच आहे.

आता त्याची सही चालणार नव्हती. वेदिका म्हणाली, फोन करून येऊ नको म्हणा. मी केला नाही. म्हटले, तो काय वेळेवर येतो थोडाच. तोवर रामा सही करून जाईल आणि याला उशीर झाला म्हणून सांगता येईल. त्याच्या उशिरावर जन्मभर ओरडले आणि आज त्याच उशिराच्या भरवशावर बसले.

आणि मेला वेळेच्या आधी आला. डोक्याला तेल, अंगात लग्नातला शर्ट, खिशाला दोन पेने. त्याला खरे कारण सांगितले असते तर त्याने सगळ्या मिरजोळ्यात दवंडी पिटली असती आणि मालक झालो म्हणून उद्यापासून गाडीला हात लावला नसता. मग जिभेला जी सवय तेच बाहेर पडले.

"तुझी सही नको. सहीला भरवशाचा माणूस लागतो."

तो म्हणाला, "बरं, काकी." खिशातले काळे पेन काढून टेबलावर ठेवले. "हे ऱ्हाऊ दे. कोणाला लागलं तर." आणि चिऱ्यांची खेप भरायला गेला. चहाचे विचारले नाही.

मग सह्या दुपारवर ढकलून मी हे पुढचे लिहायला घेतले आणि मधेच त्याला फोन लावला. तसे बोलायला नको होते, एवढेच सांगायचे होते. त्याने उचलला आणि मी विचारले, चिरे उतरवलेस का.

कलम ५. माझ्यामागे या मृत्युपत्राची व्यवस्था वेदिका भाटकर यांनी पाहावी. वाचनाला बाबल्याला बोलवावे. तो "आलोच" म्हणेल. तो येईपर्यंत कोणी कागद उघडू नये, सानिकानेसुद्धा. आला की आधी एवढेच वाचावे: बाबल्या, तुला गाडी द्यायची होती म्हणून तुझी सही नको होती. तू भरवशाचा नाहीस हे मी मागे घेत नाही. पण आज ते म्हणायला नको होते. आज तू वेळेवर आला होतास.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, खालील दोघांच्या समक्ष त्यावर सही केली आहे. त्यांनी माझ्या समक्ष सह्या केल्या. दोघांनाही यातून काही मिळत नाही आणि तसे त्यांना सांगितले आहे.

ठिकाण: मिरजोळे, रत्नागिरी
दिनांक: १४ मे २०२५, बुधवार

(सही) आनंदीबाई गंगाराम शिवलकर

साक्षीदार:
१. (सही) डॉ. नितेश पिलणकर, मिरजोळे
२. (सही) रामा लवू घवाळी, पंक्चर दुकान, मिरजोळे

ता. क. तिन्ही सह्या काळ्या पेनाने केल्या आहेत. पेन बाबल्याचे आहे, त्याला परत द्यावे.